माकडतोंडं फूल

मीटिंग सुरू झाली तसा तिने टेबलाखाली मोबाईल उघडला. बाळ झोपलंय ना, एवढंच बघायचं होतं. घरी सासूबाई होत्या, बाळाच्या जमिनीवरच्या गादीवर कॅमेरा होता, तरी तिचा जीव आपला टांगणीला. पण पडद्यावर बाळच नव्हतं! होती एक केसाळ, जांभळट कळी.

नवऱ्याचे उद्योग, दुसरं काय! कायम ढगांत बुडालेल्या डोंगरी जंगलातलं हे ऑर्किड त्याने तीन वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. घरातली माणसं घामाने निथळायची आणि पंखा, थंड पाण्याचा फवारा सगळं ह्याच्या दिमतीला. आज पहिली कळी उमलणार म्हणून स्वारी कॅमेरा तिकडे वळवून कामावर गेली होती.

"काय गं, बघू?" शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीने डोकं खुपसलं. "अय्या, हललं!"

"घरचं घरी ठेवत जा हो," म्हणत साहेब आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

पाकळ्या सुटत होत्या. एक, मग दुसरी, प्रत्येकीला लांबलचक शेपटी. आणि आत चक्क एक चेहरा! दोन डोळे, नाक, खाली दाढीसुद्धा. इवलंसं माकड, नुकतंच जागं झालेलं.

"आपल्याकडेच बघतंय," साहेब कुजबुजले. सगळी खोली श्वास रोखून उभी. मोबाईलमधून तेवढं सासूबाईंचं घोरणं ऐकू येत होतं.

इतक्यात पडद्यावर एक गुबगुबीत मूठ आली.

"राजा, नको! बाबा रडेल रे!" ती ओरडली. कॅमेऱ्यातून आवाज घरात पोचला. मूठ थबकली. मग बाळाचा चेहराच फुलासमोर आला. दोघं नाकाला नाक लावून एकमेकांकडे बघत राहिले. बाळाच्या श्वासाने फुलाने मान डोलावली. बाळ खुदकन हसलं आणि त्याने हात मागे घेतला.

"वाचलं बाई!" तिने डोळे पुसले. दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या.

साहेबांच्या कपाळावर मात्र आठी. "अहो, ती फुलाची टोपली कशावर आहे?"

"स्टुलावर."

"आजी तर अजून घोरतायत. मग बाळाला उचलून धरलंय कुणी?"

तिने पडद्यात डोळे घातले. मागे कुणीच नव्हतं.

"अगंबाई," ती खुर्चीतून उठलीच, "हा तर अजून नुसता रांगतो!"

स्टूल धरून बाळ पहिल्यांदाच आपल्या पायांवर उभं होतं. मग फुलाकडे कुणी बघेना.