आल्यागेल्याची मूठ

धर्मा साळवीने फक्त एक आकडा बदलला, तोही चांगल्या मनाने. पण धर्माने चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींचीच त्याच्या घरात जास्त दहशत होती. (गेल्या दिवाळीत गीझरची वायर त्याने चांगल्या मनानेच 'जरा घट्ट' केली होती.)

धर्मा काशीगावाजवळ हायवेला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलं करतो, शांती नगरात वरच्या मजल्यावर राहतो आणि उरलेला वेळ घाबरतो. बाहेर पडला की गॅस बंद आहे ना हे बघायला परत येतो. परत आला की किल्ली आत राहील म्हणून घाबरतो. गावाहून, रत्नागिरीहून फोन आला की उचलण्याआधी खाली बसून घेतो. एरवी माणूस लाखातला.

त्याची मुलगी दिव्या एम.टेक. करतेय. तिचा प्रोजेक्ट म्हणजे हॉलच्या भिंतीवरचा एक पांढरा डबा. गच्चीत सोलर पॅनल, बेडरूमच्या कोपऱ्यात बॅटरी आणि मधे हा डबा. वीज गेली की घरात काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, ते डबा ठरवणार. तो पुढच्या काही तासांचा अंदाज बांधतो, बेत आखतो, त्यातलं पहिलं पाऊल टाकतो आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा नव्याने बघतो. अंदाज चुकला तरी घराची पंचाईत होऊ नये, म्हणून जितकं वाईट होऊ शकतं तितकं होणारच असं धरून चालतो. त्या वाईटाची हद्द मात्र घरच्यांनी मोबाइलवर भरून द्यायची.

हे समजावून सांगताना दिव्याने विचारलं, "बाबा, जास्तीत जास्त किती वाईट होऊ शकतं?" धर्माला भरून आलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी मनापासून विचारलाच नव्हता. तो उत्तर द्यायला लागला ते जेवणं उरकली, भांडी घासून झाली तरी थांबेना. शेवटी दिव्याने स्वतःच बेताबेताने आकडे भरले, आणि कोणीही फोनला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं.

शनिवारी संध्याकाळी तिच्या गाइड नीलिमा मॅडम घरी येणार होत्या. कॉलेजच्या लॅबमध्ये डबा चाललाय, आता नांदत्या घरात चालवून दाखव, असं त्यांनी सांगितलं होतं. चालला तर दिव्या पास, नाही चालला तर वर्ष वाया आणि सगळं पहिल्यापासून. त्या आठवड्यात दिव्या धड जेवत नव्हती. धर्माला तर घास उतरत नव्हता.

शनिवारी सकाळी तो डब्यासमोर उभा राहिला. बाजूला डब्याचं ॲप असलेला फोन चार्जिंगला होता. 'पाहुणे जास्तीत जास्त: पाच' असं त्यात दिसत होतं, आणि धर्मा तिथेच अडकला. मॅडम एकट्या येणार म्हणाल्या असतील, पण एकटं कोण येतं? त्यांचे मिस्टर येतील, मुलं येतील, गाडी आहे म्हटल्यावर बहीण येईल. इतक्या माणसांत पंखा बंद पडला तर पोरीचं वर्ष गेलंच. त्याने पाचाचे पंधरा केले. मग हात तिथे होताच, म्हणून वीज किती वेळ जाऊ शकते तिथे तीन दिवस घातले, कारण मागे पूर आला तेव्हा तेवढे दिवस गेलीच होती. (म्हणजे आकडे तसे दोन झाले. पण वाईट हेतूचा एकही नाही.)

मॅडम आल्या त्या एकट्याच. मे महिन्याचा उकाडा, अंगाला चिकटणारी हवा. एसीखाली बसून त्या पाणी प्यायल्या आणि सुरू कर म्हणाल्या. दिव्याने मेन स्विच खाली ओढला. आता घर फक्त बॅटरीवर होतं. पंखा फिरत राहिला, दिवे जळत राहिले, स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचा, शालनचा मिक्सर घरघरत राहिला. धर्माने मनातल्या मनात गणपतीला नारळ कबूल केला.

नारळ बहुधा पोचला नाही. एसी बंद पडला. मग पंखा मंदावत मंदावत थांबला. मिक्सर ओल्या खोबऱ्यात तोंड घालून गप्प झाला. ट्यूब गेली, फ्रिजचा आवाज गेला, आणि देव्हाऱ्यातला लाल बल्ब तेवढा उरला. त्या लाल उजेडात डब्यावरचा आकडा स्वच्छ दिसत होता. बॅटरी काठोकाठ भरलेली होती.

समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी टीव्ही जोरात चालू होता. मॅडमच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दिव्या लॅपटॉपवर आपलं गणित पुन्हा पुन्हा खालीवर करत होती. लिंबं आणायला म्हणून सटकावं आणि वरसाव्याच्या पुलापर्यंत न थांबता चालत जावं, असं धर्माला फार वाटलं.

तेवढ्यात दिव्या बारीक आवाजात म्हणाली, "माझंच गणित चुकलं, मॅडम."

हे मात्र धर्माला सोसवलं नाही. जन्मभराच्या सगळ्या भीत्या एकीकडे आणि पोरीचा तो आवाज एकीकडे. "गणित नाही चुकलं," तो म्हणाला. "मी पाहुणे पंधरा केले. वीजपण तीन दिवस घालवली."

दिव्याने लॅपटॉपवरून मान वर केली. आता आभाळ कोसळणार म्हणून धर्माने डोळे मिटले, तर स्वयंपाकघराच्या दारातून शालनचा आवाज आला. मिक्सर आणि ओव्हनचे आकडे तिने वाढवले होते. भात लावताना आल्यागेल्यासाठी एक मूठ जास्त टाकायची ही तिच्या माहेरची रीत, तशीच इथे टाकली म्हणाली. मग आतल्या खाटेवरून मनोरमाबाई, म्हणजे धर्माची आई, बोलल्या. उन्हाचा आकडा त्यांनी कमी करायला लावला होता, सुनेकडूनच. गुडघा ठणकतोय म्हणजे ढग येणार, हे डब्याला कोणीतरी सांगायला नको?

"आणि मी आधीच सगळ्यात थोडं थोडं जास्त धरलं होतं," दिव्या कपाळाला हात लावून म्हणाली.

एका पातेल्यात चौघांच्या चार मुठी पडल्या होत्या. ऊन नाही, वीज तीन दिवस नाही, पाहुणे पंधरा आणि स्वयंपाक लग्नाचा. एवढ्यातून पार पडेल असा एकही बेत डब्याला सापडला नाही, तेव्हा देवाचा दिवा ठेवून बाकी सगळं बंद करून तो बॅटरी उराशी धरून बसला होता.

मॅडमनी पदराने घाम पुसला. "डबा बरोबर चाललाय," त्या म्हणाल्या. "त्याला जेवढं घाबरवलं, तेवढा तो घाबरला. मला सांग, बाबांच्या भीत्यांपैकी खऱ्या किती होतात?"

"माझ्याकडे लहानपणापासूनचा डेटा आहे, मॅडम. अजून एकही नाही."

एकदा गॅस खरंच चालू राहिला होता, असं धर्माने नोंदवलं. तो तुम्हीच बघायला गेलात तेव्हा चालू राहिला, असं शालनने सांगितलं.

दिव्याने खरे आकडे भरले. पंखा फिरला, फ्रिज बोलायला लागला, चटणी वाटून झाली. मॅडम पोटभर घावणे खाऊन निघाल्या आणि दारात म्हणाल्या की वर्ष वाचलं, फक्त घरातल्या माणसांचा बंदोबस्त आणि कर. धर्मा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून थोडा रडला.

दिव्याने बंदोबस्त केला. ॲपमध्ये बाबांसाठी वेगळी जागा काढली. कसलीही भीती वाटली की तिथे लिहायची. लगेच उत्तर येतं, 'नोंद घेतली. तयारी पूर्ण आहे.' तेव्हापासून धर्मा गाढ झोपतो. डबा घरात फक्त माझं ऐकतो, असं तो खालच्या मजल्यावरच्या जितेशला जिन्यात थांबवून सांगतो.

एकदा शालनने लेकीला विचारलं की बाबा एवढं भरतात, ते जातं कुठे.

"कुठेच नाही. स्क्रीनवर उत्तर येतं, बस."

बाल्कनीत धर्मा खाडीच्या दिशेने बघत अगदी मन लावून त्सुनामी भरत होता. शालनने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एवढ्यासाठी एम.टेक. कशाला केलंस गं? लग्न झाल्यापासून मी नुसतं 'हो' म्हणतेय."