दार लाव, हवा जाते

जुईलीने मुख्य दाराची साखळी लावली, ओढून पाहिली, आणि मगच पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन बाल्कनीकडे वळली. तिच्या दोन वर्षांच्या नचूला गेल्याच आठवड्यात ते दार उघडायची विद्या अवगत झाली होती आणि साहेब थेट लिफ्टपाशी सापडले होते. तेव्हापासून घरात कोणीही असो, साखळी लागायचीच. घरातल्या प्रत्येक टोकदार कोपऱ्याला तिने स्पंज चिकटवला होता. गुरुप्रसाद, तिचा नवरा, म्हणायचा, "आता फक्त माझ्या नाकाला लावायचा राहिलाय."

बाल्कनीत हॉलच्या एसीचं बाहेरचं युनिट उघडून दोघे मेकॅनिक बसले होते. नंदकुमार कुडाळकडचा, मजीद रत्नागिरीचा. कुवेतच्या अर्दिया भागात दुरुस्तीच्या एकाच गॅरेजात कामाला, जलीब वस्तीत एकाच खोलीत राहायला. एवढं एकत्र राहून माणसांचं बोलणं संपायला हवं. यांचं आल्यापासून चालूच होतं. नंदकुमार गावी असताना दशावतारात राणीची कामं करायचा आणि मजीद लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवायचा. वाद होता, मोठी कला कुठली.

'यांच्या नादात एखादा स्क्रू बाहेर राहायचा,' असं मनात म्हणत जुईलीने दार सरकवून बाल्कनीत पाऊल टाकलं. "पाणी घ्या हो. कधी होईल?"

"झालाच, ताई," नंदकुमार म्हणाला. हे तो तासाभरापासून म्हणत होता.

तेवढ्यात मागे 'खट्' झालं.

बेडरूममध्ये गाड्यांशी खेळत बसलेला नचू काचेपलीकडे उभा होता. त्याने दार ओढून घेतलं होतं, खालचा खटका दाबला होता आणि स्वतःसाठीच टाळ्या वाजवत होता. कुवेतमध्ये वाढणारं मूल आई-बाबा म्हणायला शिकतं, त्याच्या मागोमाग ऐकतं ते "दार लाव, हवा जाते!" दिवसातून दहा वेळा ऐकलेली आज्ञा लेकराने आज पहिल्यांदा नीट पाळली होती. एसी बंद आहे, तेव्हा हवा जाण्याचा प्रश्नच नाही, हा बारकावा त्याच्या वयाला झेपणारा नव्हता.

"शहाणं गं माझं बाळ! आता उघड. वर कर तो. वर!"

नचूने खटका आणखी जोरात खाली दाबला.

जुईली हसली, आणि हसता हसताच थिजली. हॉलमध्ये इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं. वर इस्त्री तापत होती. तिची वायर टेबलावरून खाली नचूच्या हाताला येईल अशी लोंबत होती आणि इस्त्रीवरचा लाल दिवा मजेत लुकलुकत होता. एका मिनिटाचं तर काम, म्हणून ती तशीच बाहेर आली होती.

"फोन! तुमचा फोन द्या!"

"माजा गाडीत," नंदकुमार म्हणाला.

"माजा चार्जिंगला लावलाय, ताई." मजीदने काचेतून बोट दाखवलं. फोन सोफ्यावर सुखाने पहुडला होता.

"काच फोडा मग!"

"आणि पोर त्याच काचेला चिकटलंय, त्याचं काय?" मजीद म्हणाला. ते खरंच होतं. नचूने नाक काचेला लावून चपटं केलं होतं.

आता शेजारच्या बाल्कनीत झुलेखाभाभी वाळलेले कपडे काढायला आली, ही देवाचीच कृपा. जुईलीने एका श्वासात सगळं सांगितलं. भाभीने गुरुप्रसादला फोन लावला. तो शर्क भागातल्या ऑफिसातून निघालेला होता, वाटेतच होता. मग ती इमारतीच्या रखवालदाराकडून जादा किल्ली घ्यायला धावली. जुईलीला हायसं वाटलं. पण भाभी परत आली ती कपाळावर हात मारतच. "किल्ली लागली गं, पण दार चार बोटंच उघडतंय. आतून साखळी कुनी घातली?"

साखळी घालून वर ओढून पाहिली होती ती जुईलीनेच.

इकडे नचूला काचेचा कंटाळा आला. त्याने मागे वळून पाहिलं. लाल दिवा दिसला. पावलं त्या दिशेने पडू लागली.

"नचू! इकडे बघ! नचू!" आईचा ओरडा त्याला रोजचाच होता. तो थांबला नाही.

मग मजीदने पाना उचलला आणि एसीच्या पत्र्यावर ताल धरला. धडाड-धिन, धडाड-धिन. नचू गर्रकन वळला. वायर हातभर लांब राहिली होती. तो परत आला आणि काचेसमोर बसकण मारून ऐकू लागला.

"थांबू नका," जुईली कुजबुजली. "हात जोडते, थांबू नका."

पण नुसता ठेका मूल किती ऐकणार? ते चुळबुळायला लागलं तसा मजीद हातवारे करून गोष्ट सांगू लागला. "एकदा काय झालं, बाबू, आमची बेंजो पार्टी चिपळूनला लग्नाला गेली. वरात वाजवली, दोन घास जेवलो, आहेराचे नारळपन घेतले. मग कळलं, लग्न दुसऱ्याचंच! आमचा नवरा तिकडं घोड्यावर सुकत बसलेला!"

"हा काय सांगतलो!" नंदकुमार उसळला. "अरे बाळा, आमच्या राजाचा ऐक. जत्रेत मी राणी होतंय. राजा इलो, सिंहासनार बसलो आणि बसल्या बसल्या घोरूक लागलो. मी काय करू? उजाडापर्यंत गाणी म्हटली. लोक म्हणतत, काय राणीचो जीव नवऱ्यार, त्येका झोपूक दिल्यान!"

शब्द काचेतून किती जात होते कोणास ठाऊक, पण नंदकुमारने घोरणारा राजा करून दाखवला तेव्हा नचू खदखदून हसला. मजीदला ते लागलं. त्याने पत्रा सोडून पाइपवर वाजवायला घेतलं. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. किल्ली कशाला हवी ते न विचारणाऱ्या रखवालदाराने खालून वर पाहिलं, हिंदुस्थानी लोकांचा काही सण असावा असं ठरवलं आणि हात हलवला.

सप्टेंबरचं ऊन कलत होतं, तरी गडी घामाने निथळले होते. नंदकुमारचा आवाज बसला. मजीदच्या हातातला पाना निसटून चौथ्या मजल्यावरून थेट खाली वाळूत गेला. ठेका थांबला, तसा नचू उठला.

"ताई, आता तुमी," नंदकुमार घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी? मला काय येतं?"

"राणी व्हा. मी राक्षस होतंय. राक्षसान राणीक धरल्यान, एवढाच. तुमी फक्त रडा."

रडायला तिला काही शिकावं लागणार नव्हतं. तरी शेजारपाजाऱ्यांदेखत, भर उजेडात? तिने ओढणी आवळली, आत पाहिलं. पोर वायरीपाशी पोचलं होतं. आणि जुईलीने असा काही टाहो फोडला की समोरच्या खिडकीतली बाई दचकून मागे सरली.

"सोडवा रे! कोणी सोडवा रे मला! हा दुष्ट राक्षस मला घेऊन चाललाय!"

"हा हा हा!" नंदकुमारने उरलासुरला आवाज एकवटला, डोळे गरागरा फिरवले आणि तिच्या ओढणीचं टोक धरून ओढलं. मजीदने मोकळ्या हातांनी पत्र्यावर युद्धाचा ठेका धरला. शेजारून झुलेखाभाभी ओरडली, "अगे बये, सोड तिला मेल्या!"

नचूच्या हातातून वायर सुटली. त्याचा ओठ थरथरला. आईला इतकं रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि कारणही समोर होतं: हा मिशीवाला माणूस. तो धावत आला, काचेवर दोन्ही मुठींनी बडवू लागला. राक्षस काही सोडेना. मग त्याने खटक्याकडे पाहिलं, दोन्ही हात त्याच्याखाली घातले आणि दात-ओठ खात वर ढकलला.

दार सरकलं. नचू बाहेर आला आणि त्याने राक्षसाच्या गुडघ्यावर सगळ्या ताकदीने गुद्दा मारला.

नंदकुमार जातिवंत कलाकार. तो तीन गिरक्या घेऊन, हाय हाय करत, एसीच्या सुट्या भागांत धारातीर्थी पडला. समोरच्या खिडक्यांतून टाळ्या आल्या.

जुईलीने ते पाहिलंच नाही. ती आत धावली होती. तिने बटण बंद केलं, वायर उपटली आणि इस्त्री कपाटावर चढवली. ती तिथेच जमिनीवर बसली. नचू तिच्यामागे आला, गळ्यात पडला, त्याने तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून नीट तपासलं, राणी शाबूत असल्याची खात्री केली आणि बाल्कनीकडे बोट करून म्हणाला, "अगेन!"

तेवढ्यात मुख्य दार साखळीला आपटून खणखणलं. चार बोटांच्या फटीत गुरुप्रसादचा एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं. "जुईली! काय चाललंय? मला बाहेरच्या रस्त्यावर तुझं रडणं ऐकू आलं! कोण राक्षस?"

"आले, आले," जुईली नचूला उचलून घेत म्हणाली. कडेवरचं पोर मात्र बाल्कनीकडे झेपा टाकत होतं. एरवी ती त्याला शेजाऱ्यांच्या मांडीवरही दोन मिनिटं ठेवत नसे. ठेवलं तरी नजर काढत नसे. आता ती बाल्कनीत गेली. नंदकुमार उठून बसून पाणी पीत होता. तिने नचूला त्याच्या मांडीवर ठेवलं, मजीदच्या हातात दुसरी बाटली दिली आणि मागे वळूनही न बघता दार उघडायला गेली.

गुरुप्रसाद धापा टाकत आत शिरला. घामाघूम, टाय एका खांद्यावर. त्याने हॉल पाहिला, बेडरूम पाहिली, कपाटावर चढलेली इस्त्री पाहिली.

"नचू कुठाय?"

"राक्षसाकडे दिलाय," जुईली म्हणाली, आणि पाच कप चहा टाकायला आत गेली.