निंबाजी हुजऱ्याने मान सरळ केली त्याची हकीकत

श्री. वाचणारांच्या मानेस आराम असो, पाठीस बळ असो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, वैशाखमासी एका राज्यात जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे. त्या दरबाराचा रिवाज ऐसा, की महाराज तख्ती विराजमान असता सर्वांनी मान लववून आपल्या पायाचे अंगठे पाहावे आणि रजा होईतो वर पाहू नये. तेणेकरून सभासदांच्या माना बगळ्यासारख्या पुढे आल्या आणि हात बधिर होऊ लागले, आणि राजवैद्य नुसते तेल चोळीत राहिले. तेथे निंबाजी नामे हुजऱ्या होता. त्याची स्त्री ठकूबाई वाड्यातील बायकांच्या कारखान्यात जरीकाम करी. तख्तावरील छताची झालर तिने वर्षानुवर्षे ओणवून भरली, आणि झालर पुरी जाहली तो बाईची मान वाकली ती वाकलीच. मग तालमीच्या वस्तादांनी व्यायाम सांगितले, परंतु उशीर जाहला होता. मग ती निंबाजीस भिंतीशी उभे करी, टाचा, पाठ, डोके टेकवी आणि म्हणे, "अहो, हनुवटी वर नाही, मागे घ्या! खांदे कानाशी कशाला नेता? माझे राहू द्या, तुमची तरी सरळ राहो." पुढे ती तापाने वारली. तिरडीवर निजवली तो डोके बांबूस टेकेना, खाली लुगड्याची घडी घालावी लागली. ते पाहून निंबाजीचे पित्त खवळले.

सुतक फिटताच तो दरबारी गेला आणि खांबास पाठ लावून हनुवटी मागे घेतली. तेणे हनुवटीखाली वळी पडली. दिवाणजी अंगाने भारी, वळ्या त्यांसही होत्या. ते गरजले, "निंब्या, आम्हांस वेडावतोस?"

"नाही सरकार. बायकोने शिकविलेला व्यायाम करतो. आपणही करून पाहावा."

सभेत कोणी खुदकन हसले, तेही अंगठे पाहातच. महाराज बोलिले, "मान खाली घाल, नाही तर चाकरी सोड."

तो निंबाजीची नजर समोर गेली. झालरीवर जरीचे राघू होते, आणि एकेकाच्या चोचीत डाळिंबाचा दाणा होता. त्याने ते आज प्रथम पाहिले.

"महाराज, हे राघू येथे कोणी पाहिले आहेत?"

सभासदांच्या माना खाली होत्या. महाराज छताच्या आत बसत, त्यांस अस्तर तेवढे दिसे.

"मग कोणासाठी भरविले? माझ्या बाईची मान गेली यात!"

ऐसे बोलून त्याने कमरेचा पट्टा खाली ठेविला आणि ताठ मानेने निघून गेला.

सारांश, झालर तेथेच आहे आणि सभा अंगठे पाहाते आहे. पाहणारा एक होता, तो चाकरीत नाही.