पाठमोरे तात्या

आमच्या चाळीत कुणाचं पोट बिघडलंय हे त्याच्या घरच्यांच्या आधी तात्या नेरूरकरांना कळायचं. तेही त्याचं तोंड न बघता.

लालबागच्या आमच्या तीन माळ्यांच्या चाळीमागे संडासांची रांग होती आणि तिच्या अलीकडे एक नळ. जाणाऱ्याने नळावर टमरेल भरायचं आणि पुढे व्हायचं. त्या नळाजवळ एक पालथं घमेलं टाकून तात्या पहाटे पाचपासून बसायचे. संडासांकडे पाठ करून. "बायाबापड्यांची जायची वाट आहे ती. तिकडे तोंड करून बसायला मी काय बेशरम आहे?" असं ते विचारायचे. समोर कुंपणाची भिंत, भिंतीवर पोरांनी डांबराने रंगवलेलं 'मुंबई आमची'. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. तात्या रोज तीन तास ते दोन शब्द वाचत बसायचे.

म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. खरं काम कानाचं चालायचं. दळवी मास्तरांच्या घरचा वनस्पती तुपाचा डबा भरताना ढबढब वाजायचा, आमचं जर्मनचं टमरेल किरकिरायचं, तिसऱ्या माळ्यावरच्या काशीकाकूंचा पितळी तांब्या घुमायचा. त्या आवाजावरून कोण, कितव्यांदा आणि किती घाईत आलंय ते तात्यांना पाठमोरं कळायचं. कळलं तर गप्प बसावं की नाही? नाव नको!

"काय रे मेल्या, दुसरी खेप? काल भजी हाणलीस वाटतं!"

अख्ख्या रांगेत हशा. आपण हातात टमरेल घेऊन काय उत्तर देणार? बायकांच्या बाबतीत मात्र त्यांच्या तोंडातून कधी चकार शब्द निघाला नाही. मान मोडून भिंत वाचत बसायचे.

माझ्यावर तर त्यांनी कायमचा घाव घातला. मी तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होतो, आणि घरचे माझ्यासाठी मुली बघत होते. एका मुलीचा मामा भल्या सकाळी चाळीत आला आणि नेमका तात्यांनाच विचारता झाला, मुलगा घरी आहे का. तात्या म्हणाले, "आहे, पण तुम्ही बसा निवांत. आज त्याची तिसरी खेप आहे." मामा निवांत बसला नाही, आणि परत आलाही नाही. त्या मुलीच्या घरी माझी प्रकृती नाजूक ठरली. वर तात्यांचं तत्त्वज्ञान आहेच: "माणूस खोटं बोलेल रे, पोट खोटं बोलत नाही."

तात्या मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं गिरणीत बॉयलरवर काढून घरी बसले होते. बायको, म्हणजे आमची काकी, जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच. त्यांना वेड एकच, पाण्याचं. बॉयलरचं पाणी ते जिभेवर ठेवून पारखायचे म्हणे, आणि साहेब त्यांच्या जिभेला सलाम करायचा. आता साहेब नाही तर ते आमच्या घराघरात शिरून पिंपातलं पाणी फुलपात्राने घ्यायचे, डोळे मिटून तोंडात घोळवायचे आणि मान हलवायचे. "बिघडलंय."

यामागे एक भूगोल होता. चाळीची पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीत, आणि संडासांखालची मैल्याची टाकीही जमिनीत. दोन्हींमधलं अंतर तात्यांनी स्वतःच्या पावलांनी मोजलेलं होतं. "सात पावलं! सात पावलांत माणसाचं लग्न लागतं रे! ह्या दोन टाक्यांचं कधीच लागून गेलं असेल!"

त्या पावसाळ्यात तळमजल्यावरची तीन पोरं एकापाठोपाठ आजारी पडली, आणि तात्यांनी मागणी पुढे केली. दर बिऱ्हाडाने महिन्याला चार आणे द्यायचे. त्यातून दोन्ही टाक्या उघडून तपासायच्या, पाण्याची टाकी घासायची आणि पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवायची. रविवारी चौकात सभा ठरली. मला फाउंटन पेन होतं म्हणून मी सेक्रेटरी.

तेव्हा चाळीतलं शेंबडं पोरही सभाशास्त्रात पारंगत होतं. दर दोन दिवसांनी कुठेतरी सभा, मोर्चा, निषेध. ठराव, अनुमोदन, सभात्याग हे शब्द बायका पापड लाटता लाटता वापरायच्या. आमचे पुढारी दळवी मास्तर. खादीची टोपी, भरदार आवाज, आणि अर्ध्या तासाच्या आत खाली बसल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मास्तर तात्यांच्या मागणीच्या कडाडून विरोधात होते.

पण तात्या बेरके. सभा सुरू झाल्या झाल्या उभे राहिले, हात जोडले आणि ठराव न मांडता चक्क गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या चाळीतली सगळी लेकरां तुझ्यासमोर गोळा झाली हत, रे म्हाराजा!"

चाळीत निम्मी बिऱ्हाडं कोकणातली. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की मालवणी माणसाचं तोंड आपोआप उघडतं, त्याला विचारावं लागत नाही.

"व्हय म्हाराजा!" सगळा चौक गरजला.

"ह्येंच्या पाण्यात जी काय इडापिडा शिरली आसा, ती भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्येच्यासाठी बिऱ्हाडामागे म्हयन्याक चार आणे ही लेकरां खुशयेन देतली, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"झाला ठराव पास," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "लिहून घे रे."

काय गोंधळ उडाला म्हणता! दळवी मास्तर "हरकत! हरकत!" म्हणत उभे राहिले. हे गाऱ्हाणं आहे, ठराव नव्हे, वगैरे. खरी गंमत अशी की सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' मास्तरच म्हणाले होते, मी शेजारीच बसलो होतो. शेवटी गाऱ्हाणं रद्द धरून चर्चा सुरू झाली.

एकजण म्हणाला, चाळ मालकाची, टाकी मालकाची, मैला तेवढा आमचा. मग मालकानेच बघावं. दुसरा म्हणाला, मालकाला सांगितलं तर तो आधी भाडं वाढवेल. काशीकाकूंनी गॅलरीतूनच जाहीर केलं की आमचं पाणी तीन माळे चढून येतं, घाण जड असते, ती खालीच राहते, तेव्हा चार आणे खालच्यांनी द्यावेत. यावर तळमजल्याने जे उत्तर दिलं ते मी कागदावर घेतलं नाही. पोरांनी 'टाकी उघडलीच पाहिजे' अशी घोषणा सुरू केली, तर दुसऱ्या बाजूने 'चार आणे देणार नाही' उठली.

मग मास्तरांनी तोफ डागली. "बंधूंनो, इथे मुंबई आपल्या हातातून चालली आहे, आणि आपण मोरीवर भांडतो आहोत! आधी मुंबई, मग मोरी! आणि पाणी बिघडलंय याला पुरावा काय? एका माणसाची जीभ! मग त्या जिभेची परीक्षा होऊन जाऊ द्या!"

मास्तरांच्या सांगण्यावरून मीच तीन पेले घेऊन आलो. एकात सढळ हाताने मीठ कालवलेलं, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात टाकीचं नुसतं पाणी. तात्यांनी पहिला पेला घेतला, डोळे मिटले, पाणी घोळवलं.

"टाकीचं," तात्या म्हणाले. "बिघडलंय."

दुसरा पेला. "हे पण टाकीचं. तळातलं."

तिसरा. "तेच. तिन्ही एक."

मास्तरांनी मीठ-साखरेचं गुपित फोडलं, आणि चाळ अशी हसली की समोरच्या चाळीतली माणसं खिडक्यांत आली. मी सगळ्यात जास्त हसलो. त्या मामाच्या प्रकरणाचा सूड उगवला होता! तात्या पंच्याने तोंड पुसत उभेच होते. म्हातारा माणूस भर सभेत असा उघडा पडलेला बघून मग माझं मलाच कसंतरी झालं.

मला वाटलं, आता तात्या खोलीत जाऊन दार लावून घेतील. पण ते सरळ मास्तरांकडे आले आणि त्यांच्या कानाशी वाकले. मी कागद घेऊन बाजूला बसलेला, म्हणून मला ऐकू आलं.

"मास्तर, जीभ माझी कधीच मेली. तंबाखूने खाल्ली. पण कान जिवंत आहेत. तुमची सून चार दिवस पाच-पाच खेपा करते आहे. आज पहाटे भरलेला डबा तिला उचलवला नाही, दोनदा खाली ठेवला. दोन जिवांची आहे ना पोर? काल हेच सांगायला आलो तर चार आणे मागायला आलात म्हणून तुम्ही दारातून घालवलंत. आता वर जा आणि तिला विचारा. चारचौघांत नको."

मास्तर उठून वर गेले. सभा खोळंबली. त्यांची सून शालन, सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि आवाज तर आम्ही कुणी ऐकलाच नव्हता. सासूला सांगायची लाज, नवरा रात्रपाळीला, म्हणून चार दिवस आव पडत असतानाही ती निमूट भाकऱ्या थापत राहिली होती.

मास्तर पाच मिनिटांत खाली आले. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण त्यांनी त्या दिवशी केलं. "माझे चार आणे लिहून घ्या. आणि कुणीतरी टॅक्सी आणा रे, लवकर."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही, पण विरोधाला एकही हात वर झाला नाही. काशीकाकूंनीसुद्धा वरून मान डोलावली.

मंगळवारी टाक्या उपसल्या. संडासांमागच्या पिंपळाच्या एका मुळाने दोन्ही टाक्यांच्या भिंती फोडल्या होत्या. पार आरपार. सात पावलांत लग्न खरंच लागून गेलं होतं. शालन आठ दिवस इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस अंगावर काढलं असतंत तर काही खरं नव्हतं. दोन्ही जीव वाचले.

मी तात्यांची माफी मागायला गेलो. त्यांनी चहा केला. चहा खारट होता. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं, आणि ते स्वतः मजेत भुरके मारत होते. मीही तोंड वाकडं न करता कप संपवला.

"मग तात्या, जिभेचं सोंग कशाला घेतलंत?" मी विचारलं.

"टमरेलं ऐकून सांगतो म्हटलं असतं तर कुणी उभं केलं असतं? जिभेला मान असतो रे, बाबा." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी काकी गेली तेव्हा माझी सकाळपाळी होती. पहाटे मी बाहेर पडायचा. ती दिवसातून किती खेपा करते हे मला ठाऊकच नाही. शेजारपाजार कामात. तिसऱ्या दिवशी उठवेना तेव्हा बोलली. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणते, तुमचा खाडा झाला असता."

एका दिवसाच्या खाड्यापायी बाई गप्प राहिली, आणि हा माणूस दोन वर्षं पहाटे उठून अख्ख्या चाळीची राखण करत बसला होता. त्यांच्यावर मी किती चिडलो होतो ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार आणे सुरू राहिले, टाकी दर महिन्याला उघडू लागली, आणि तात्या घमेल्यावर होतेच. पुढच्या वर्षी थंडीत एक दिवस मी नळावर उभा होतो. तात्या घमेल्यावरून उठले, आपलं चेपलेलं टमरेल भरून गुपचूप जाऊन आले आणि परत भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्या काही लक्षात आलं नाही. कुणाच्याच येत नव्हतं. सगळ्यांची खबर तात्या ठेवायचे, तात्यांची कोण ठेवणार?

एवढ्यात वरून आवाज आला. आधी कधीच न ऐकलेला, कोवळा पण खणखणीत.

"तात्या! तिसरी खेप झाली तुमची!"

सगळ्यांनी वर पाहिलं. दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीत शालन उभी होती, कडेवर बाळ, आणि शेजारी सासरे उभे असूनही पदर खांद्यावर आलेला. "पहाटेपासून ऐकते आहे मी. जागचे हलू नका, काढा घेऊन येते. आणि आज जेवायला आमच्याकडे, मऊ भात टाकलाय!"

रांगेत हशा पिकला. एवढ्या वर्षांची परतफेड होती ती. तात्या मात्र नेहमीसारखे पाठ करूनच बसले होते, त्यामुळे त्यांचं तोंड आम्हाला दिसलं नाही. पंचा तेवढा दोनदा डोळ्यांकडे गेला.