अकरावा प्रश्न

तो मंगळवार होता की बुधवार, हे सरांना आता खात्रीने सांगता येत नाही. मंगळवारच असावा. गाडीची वॉरंटी त्या दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती, आणि सरांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मंगळवारी संध्याकाळीच संपत आलेल्या असतात. (हेही पडताळून पाहिलेलं नाही.)

सरांनी चौतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. 'सर्व माणसं मर्त्य आहेत' असं फळ्यावर लिहितानासुद्धा त्यांचा खडू 'सर्व'पाशी जरा अडखळायचा. शेजाऱ्यांनी "काय सर, बरं आहे ना?" विचारलं, की सर थांबत, विचार करत आणि "तुलनेने," म्हणत.

तर अशा माणसाची गाडी डावीकडे वळली की 'कट्ट' असा आवाज करू लागली. उजवीकडे वळताना काही नाही. सरांनी यावर तीन आठवडे एक उपाय केला. ते डावीकडे वळायचेच नाहीत. लायब्ररी चौकातून डावीकडे होती; सर सरळ पुढे जात आणि तीन वेळा उजवीकडे वळून तिथे पोहोचत. पेट्रोल जास्त जाई, पण मन शांत राही.

पण शनिवारी मुलीच्या नव्या घरी जायचं होतं. सहा तासांचा रस्ता.

"डावी वळणं किती आहेत, मोजलीत का?" बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, विचारलं.

"सत्तावीस. म्हणजे, बहुधा."

तेवढ्यात साडूंचा फोन. "अहो, माझ्या गाडीतून चला की! मी तेव्हाच म्हटलं होतं, हे मॉडेल घेऊ नका."

साडूंच्या मागच्या सीटवर सहा तास बसून 'मी तेव्हाच म्हटलं होतं' ऐकायचं, त्यापेक्षा सर पायी निघाले असते. म्हणून त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला: वॉरंटी संपायच्या आत गाडी शोरूमला न्यायची. बाई म्हणाल्या, "मी येते." बाई त्याच वर्षी ड्रायव्हिंग क्लासला जाऊन लायसन घेऊन आल्या होत्या. पण मार्चनंतर "मला नाही जमत, तुमची गाडी तुम्हीच चालवा," म्हणून त्यांनी स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता.

काउंटरवर एक टायवाला बसला होता. त्याने कॉम्प्युटरकडे बघतच सुरुवात केली.

"काका, बारा प्रश्न आहेत. फक्त हो किंवा नाही. गाडी तुम्हीच चालवता?"

"प्रामुख्याने."

"हो टाकतो. काळजीपूर्वक चालवता?"

"कोणाच्या तुलनेत?"

"अहो, हो म्हणा," बाई कुजबुजल्या.

"पण तसं विधान करायला काही निकष—"

"हो," बाईंनी टायवाल्याला सांगितलं.

असं करत करत दहा प्रश्न पार पडले. अकरावा आला. "गाडीला कधी बाहेरून धक्का, टक्कर, घासाघीस? नाहीच ना? नाही टाकतो."

टायवाल्याचं बोट बटणावर टेकलं होतं. घड्याळात पावणेसहा झाले होते. नुसतं गप्प राहिलं तरी काम होत होतं. पण सरांना आपलं फाटक दिसू लागलं.

मार्चमध्ये एक दिवस फाटकाची खालची पट्टी वाकलेली दिसली होती. बाई तेव्हा लगेच म्हणाल्या होत्या, "कुठला तरी टेम्पो वळताना घासला असणार." सरांनी घाईघाईने मान डोलावली होती. कारण गाडी मागे घेताना एकदा आपल्याला काहीतरी 'खट्' ऐकू आलं होतं, असं त्यांना वाटत होतं. तेव्हापासून पाच महिने दोघं नवरा-बायको एकमतानं टेम्पोवाल्यांना शिव्या घालत होते, आणि रोज रात्री सर खाली न बघता फाटकाला कडी लावत होते.

"थांबा," सर म्हणाले. "हो टाका. मी फाटकाला गाडी घासली. मार्चमध्ये. टेम्पो वगैरे काही नव्हता. मीच होतो."

यात 'बहुधा' नव्हतं. 'तुलनेने' नव्हतं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी हळूच बाईंकडे पाहिलं. बाई टक लावून वॉटर कूलरकडे बघत होत्या. त्या बोलत नाहीत म्हणजे फार संतापल्या आहेत, असा निष्कर्ष सरांनी काढला.

"मग अवघड आहे काका," टायवाला खुर्चीत मागे रेलला. "बाहेरून धक्का असला की कंपनी क्लेम घेत नाही."

सरांना साडूंची मागची सीट दिसू लागली. 'मी तेव्हाच म्हटलं होतं'सकट.

आणि मग बाई वळल्या. "अहो, धक्का मागच्या बंपरला, डाव्या कोपऱ्यात, तोही एवढासा! त्याचा स्टिअरिंगशी काय संबंध? तुमच्या मेकॅनिकला बोलवा. माझ्या नवऱ्यानं खरं सांगितलं, म्हणून त्याला शिक्षा? खोटं बोलणाऱ्यांच्या गाड्या फुकट दुरुस्त करता का तुम्ही?"

सर भारावून गेले. आपल्या चुकीसाठी ही बाई एवढी भांडते! (बंपरचा कोपरा आपण सांगितलाच नव्हता, हे या तर्कशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं नाही. सरांनी स्वतः तो बंपर भीतीपोटी कधी वाकून पाहिला नव्हता.)

मेकॅनिक आला. हात पुसत गाडीत बसला, एक चक्कर मारून परत आला. "काकू बरोबर बोलतायत. स्टिअरिंगखालचा सांधा ढिला आहे. कंपनीचाच दोष. या महिन्यातली ही चौथी गाडी."

सहाला पाच मिनिटं असताना क्लेम मंजूर झाला. शनिवारी सर सत्तावीस वेळा डावीकडे वळले, आणि प्रत्येक वळणावर साडूंची आठवण काढली. वाटेत बाईंनी फाटकाचा विषय एकदाही काढला नाही. इतकी क्षमाशील बायको मिळाली, म्हणून सरांचा ऊर भरून आला. घरी परतल्यावर वर्षभर ते न सांगता भांडी घासत होते.

नऊ वर्षांनी गाडी विकायची ठरली. कागद शोधताना सरांना त्या सालची डायरी सापडली. ११ मार्च: रंगारी आला, फाटक रंगवलं, छान दिसतं. १२ ते १६ मार्च: पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून परगावी, रेल्वेने. १७ मार्च: परतलो. फाटक वाकलेलं. मीच का?

सरांनी डायरी तीनदा वाचली. मग परीक्षा झाली होती त्या विद्यापीठात फोन करून तारखांची खात्री करून घेतली. मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, फाटक वाकलं तेव्हा मी गावातच नव्हतो."

बाईंनी गॅस बारीक केला. "नव्हतात."

"मग शोरूममध्ये बोलली का नाहीस?"

"बोलणार होते हो. अगदी ओठांवर आलं होतं." बाईंनी पदराला हात पुसले. "पण लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही एखादी गोष्ट इतक्या खात्रीने सांगत होतात. मला मोडवेना."