शेवटची आठ पाने

विमा कंपनीतले तपासनीस ज्या संध्याकाळी स्वतःच्याच दाराची घंटा दहा मिनिटे वाजवत उभे राहिले, त्याच संध्याकाळी घरातले केबल गेले. आत आई, बायको आणि मुलगी तिघीही होत्या. घंटा तिघींनाही ऐकू आली होती. पण मालिकेतली धाकटी सून नेमकी चोरून कपाट उघडत होती आणि प्रत्येकीला वाटले, दुसरी उठेल.

"महिनाभर केबल बंद," बूटही न काढता तपासनिसांनी जाहीर केले. "महिन्यानंतर मत घेऊ. तुम्ही म्हणालात तर पुन्हा जोडून देईन आणि या विषयावर परत तोंड उघडणार नाही."

"आणि तोवर करायचं काय? एकमेकांची तोंडं बघायची?" बायको म्हणाली.

पहिले दोन दिवस तेच केले. कॅरम काढला, तर स्ट्रायकर बेपत्ता. पत्ते काढले, तर आई पत्ते लपवते हे तपासनिसांनी पुराव्यासकट सिद्ध केले आणि आईने दिवसभर अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी रद्दीवाल्याकडून एक जाडजूड रहस्यकादंबरी आणली आणि संध्याकाळी सात वाजता मोठ्याने वाचायला बसले.

कादंबरीत एक कारखानदार बंद खोलीत मेलेला सापडतो. संशय पुतण्यावर, नर्सवर आणि माळ्यावर. आठवडाभरात घर असे रंगले, की पावणेसातलाच स्वयंपाक आटपू लागला. खालच्या मजल्यावरचे केमिस्ट काका खुर्च्या सरकवण्याचा आवाज होतो म्हणून भांडायला आले, ते प्रकरण संपेपर्यंत दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी स्वतःचे स्टूल आणले.

तपासनीस खूश होते. महिन्याचा शेवटचा दिवस आणि कादंबरीचा शेवट त्यांनी बरोबर जुळवून आणला होता. खुनी सापडला, की लगेच मतदान. केबल कायमचे जाणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"'खुनी याच खोलीत आहे,' गुप्तहेर म्हणाला," तपासनिसांनी वाचले आणि पान उलटले. पान तीनशे चार. त्यानंतर थेट पुठ्ठा. पहिल्या पानावर पृष्ठसंख्या तीनशे बारा छापलेली, म्हणजे आठ पाने गायब! शेवटच्या पानावर सही नाही म्हणून आजवर शेकडो लोकांना परत पाठवणाऱ्या या माणसाने महिनाभरात पुस्तकाचे शेवटचे पान एकदाही उघडून पाहिले नव्हते.

"अहो, वाचा ना!" बायको ओरडली.

तपासनीस कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत वाचू लागले. पण बावीस वर्षे ज्याने फक्त खोटे दावे पकडले, त्याला दुसरे काय सुचणार?

"'पुतण्या निर्दोष, नर्स निर्दोष, माळीही निर्दोष,' गुप्तहेर म्हणाला. 'कारण कारखानदार मेलेलाच नाही! विम्यासाठी केलेला हा बनाव आहे.'"

मुलीने उशी घट्ट धरली.

"मग दुसऱ्या प्रकरणात चिरफाड कुणाची केली?" आईने शांतपणे विचारले.

"आणि मृत्यूच्या दाखल्यावर सही कुठल्या डॉक्टरची?" केमिस्ट काका स्टूलावरून पुढे सरकले.

तपासनिसांच्या तोंडातून सवयीने निघून गेले, "कागदपत्रं अपुरी असल्याने प्रकरण पुढील चौकशीसाठी राखून ठेवण्यात येत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... राहिलेलं उद्या."

एकच गिल्ला झाला. आता मतदानात आपले पानिपत होणार, हे ओळखून तपासनिसांनी पडेल आवाजात विचारले, "केबल कुणाला हवंय?"

"केबल कसलं घेऊन बसलात!" बायको कडाडली. "आधी मेला कोण ते सांगा!"

एकही हात वर झाला नाही. तपासनीस पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मागोमाग आई आली. तिने साखरेच्या डब्याखालून घडी केलेली आठ पाने काढून ओट्यावर ठेवली.

"आई! तू?"

"पहिल्याच दिवशी काढली. माझं वय झालंय रे. महिनाभर थांबायची हमी कोण देणार? तुझी कंपनी देते का?"

"मग तो चिरफाडीचा प्रश्न कशाला विचारलास?"

"पत्त्यांत मला पकडलं होतंस ना? आता ऐक. खुनी माळी आहे. अगदीच पुचाट शेवट. तुझाच बरा आहे, तोच चालव." एवढे म्हणून तिने पाने फाडून केराच्या टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तपासनिसांनी अकरा दावे फेटाळले, पण मेलेला माणूस कोण, ते काही सुचले नाही. साडेसहाला घरी येऊन त्यांनी घंटा वाजवली. कुणी आले नाही. पुन्हा वाजवली.

"कोणीतरी दार उघडा गं!" आतून आई म्हणाली, पण उठले कुणीच नाही.

"नर्सचा भाऊ शवागारात कामाला असणार," बायको सांगत होती. "त्यानेच बेवारस प्रेत दिलं."

"आणि दाखल्यावर सही माळ्याने केली!" मुलगी ओरडली.

तपासनिसांचा घंटेकडे जाणारा हात थांबला. त्यांनी हळूच खिशातली वही काढली, दाराला कान लावला आणि भराभरा लिहून घेऊ लागले.