व्हिनेगरवाली आणि लिंबूवाली

आई चोरून ऐकत नव्हती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि कपडे नेमके लेकाच्या खोलीच्या दाराशी होते, त्याला ती तरी काय करणार? आत लेक फोनवर बोलत होता.

"व्हिनेगरवाली दिसायला छान, एकदम नितळ. पण जरा ताण आला की तुटते. लिंबूवाली कितीही ओढा, लवचीक. फक्त दमट हवेत अंगाला चिकटते. मला विचारशील तर लिंबूवालीच ठेवू."

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पस्तिशीला आलेल्या या मुलाच्या लग्नासाठी तिनं जंग जंग पछाडलं होतं, आणि हा पठ्ठ्या एक सोडून दोघींना खेळवत होता. आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, तिला कळेना. तुटणारीची तर तिला फारच दया आली. कोणाची पोर असेल बिचारी.

जेवताना तिनं आडून विचारलं, "दोघीच आहेत ना रे?"

"त्या होय? बारा केल्या होत्या," लेक ताटातून मान वर न करता म्हणाला. "दहा फेकून दिल्या."

आईला ठसकाच लागला. पाणी आता डोक्यावरून गेलंय, तडक त्याची प्रयोगशाळा गाठ, असा सल्ला तिच्या धाकट्या बहिणीनं फोनवर दिला. दुसऱ्या दिवशी लेक मीटिंगला गेलेला पाहून आई तिथे पोचली. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीनं तिला खुर्ची दिली. काल लेक फोनवर ज्यांच्याबद्दल बोलत होता त्या दोघींना, व्हिनेगरवालीला आणि लिंबूवालीला भेटायचंय, असं आईनं सांगितलं.

मुलगी गोंधळली, मग तिनं एक ट्रे आणून पुढे ठेवला. त्यात काचेसारखे पातळ पापुद्रे होते. स्टार्च आंबट पाण्यात शिजवून ही खाता येणारी फिल्म करतात, आणि कोणतं आम्ल घालावं त्यावर ती चिवट होते की ठिसूळ ते ठरतं, असं तिनं समजावून सांगितलं. आईला एवढंच समजलं की, यात मुलगी एकही नाही. एका क्षणात बाराच्या बारा सुना गेल्या आणि तिला रडू कोसळलं.

"काल फोनवर मीच होते," मुलगी पाणी देत म्हणाली. मग ट्रेकडेच बघत हळूच म्हणाली, "आमचं बोलणं फिल्मच्या पुढे कधी जातच नाही."

आईनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"आमचा दिसायला जाडाभरडा आहे, पण ताण सोसतो," ती म्हणाली. "पैशाला मात्र जरा चिकट आहे."

"ते माहितीये मला," मुलगी म्हणाली.

संध्याकाळी लेक घरी आला तो डोकं खाजवतच.

"आई, तू लॅबमध्ये काय गोंधळ घातलास? ती म्हणते, नमुना पसंत आहे, रविवारी घरी घेऊन या, आईबाबांना दाखवायचाय. लिंबाचा नेऊ की व्हिनेगरचा?"

"तू अंघोळ करून चांगला शर्ट घाल," आई म्हणाली, "आणि नुसता जा."